टीव्ही गेमची उगवण

माझ्या सासऱ्यांना बाजारातलं सगळं कळतं, असं जानेफळात सगळ्यांचं मत होतं. त्यात सासऱ्यांचं स्वतःचं मतही धरलेलं आहे. तूर निघाली की संध्याकाळी आमच्या ओट्यावर माणसं जमायची. गावातली तर यायचीच, पण उंद्रीकडचे पाहुणे, दुसरबीडहून सोयरीक बघायला आलेले कोणी, तेही मुलीचं राहू द्या बाजूला अशा थाटात हळूच विषय काढायचे, की तूर आत्ता काढावी की ठेवावी. कापसाचा प्रश्नच नव्हता. कापूस तेव्हा सरकारच घ्यायचं, ठरलेल्या भावानं, त्यात डोकं चालवायला जागा नव्हती. डोकं चालवायचं ते तुरीत.

मामंजी लगेच उत्तर द्यायचे नाहीत. आधी सुपारी कातरायचे. मग मेहकरच्या रस्त्याकडे बघायचे, जणू भाव तिकडूनच सायकलीवर बसून येतोय. मग विचारायचे की बाजारात अडत्या कसा वागला. घाईत होता की निवांत, आणि मुख्य म्हणजे त्यानं चहा पाजला की नाही. अडत्यानं चहा पाजला म्हणजे त्याला माल पाहिजे, आणि त्याला माल पाहिजे म्हणजे भाव चढणार, हा मामंजींचा पक्का आडाखा होता. एवढं सगळं झाल्यावर ते समोरच्या माणसाच्या हातावर सुपारीचं खांड ठेवायचे आणि म्हणायचे, थांबा. सुपारी तोंडात टाकून माणूस उठायचा, ती एक प्रकारे पावतीच होती.

मी बुलडाण्याची. माझे वडील कचेरीत कारकून, त्यामुळे आमच्या घरी तूर डब्यात असायची, खोलीत नाही. लग्न होऊन आले तेव्हा सुरुवातीला मीही दाराआडून हे ऐकून भारावून जायचे. केवढा मोठा माणूस आपल्याला सासरा म्हणून मिळाला असं वाटायचं. नंतर चहा द्यायला सतत ओट्यावर जाऊ लागले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मामंजींना हा एकच शब्द येतो. चहा पाजला तरी थांबा, नाही पाजला तरी थांबा. आणि तूर अशी गुणी, की दरवर्षी माल निघताना तिचा भाव पडायचा आणि पुढे पावसाळ्यात घराघरातली तूर संपत आली की चढायचा. थांबणारा बहुतेक वेळा फायद्यात राहायचा आणि सगळं श्रेय आमच्या ओट्याला मिळायचं. हे मी कोणाला बोलले नाही. सून नवीन होती आणि सासरे लोकप्रिय होते.

आमच्या ह्यांचं बसस्टँडजवळ रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. गावात तेव्हा टीव्ही हळूहळू येत होते, बहुतेक काळे-पांढरे, आणि लाईन असली की चालायचे. एका दिवाळीच्या आधी हे अकोल्याला सुटे भाग आणायला गेले आणि येताना टीव्ही गेम घेऊन आले. टीव्हीला जोडायची एक पेटी, तिच्यात वरून खोचायची कॅसेट आणि वायरीला लटकणारे दोन रिमोट. टीव्हीवर रणगाडे पळायचे, आणि ते पळवणारे आपण. ह्यांनी तो दुकानात लावून ठेवला. सुगीचे पैसे लोकांच्या खिशात होते, दिवाळी तोंडावर होती, आणलेले गेम बघता बघता संपले. ह्यांनी परत आणले, तेही गेले. मेहकरच्या एका कापड दुकानदारानं तर एक घरच्यासाठी घेतला आणि एक व्याह्यांना आहेर म्हणून दिला. मामंजी हे सगळं ओट्यावरून ऐकत होते. ह्या वस्तूचा भाव चढत चालला आहे हे त्यांच्या कानांनी बरोबर टिपलं होतं.

मग दिवाळी संपली. शाळांच्या परीक्षा आल्या, शिक्षकांनी पालकांना दम भरला, लाईन जास्त वेळ जायला लागली. गेमकडे कोणी फिरकेना. अकोल्याचा ठोक व्यापारी ह्यांना म्हणाला की उरलेला माल पडेल भावात घेऊन जा. ह्यांनी घरी येऊन जेवताना सहज सांगितलं की टीव्ही गेमचा भाव पार पडला.

मामंजींचा घास हातातच राहिला. भाव पडला हे शब्द त्यांनी आजवर एकाच पिकाबाबत ऐकले होते आणि त्यावर काय करायचं हे त्यांना झोपेतही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी पांढरं धोतर नेसून, काळी टोपी घालून ते ह्यांच्यासोबत अकोल्याला गेले. परत आले ते मेटॅडोरमध्ये, चालकाशेजारी बसून, आणि मागे नुसते खोके. व्यापाऱ्यानं चहा पाजला का, असं सासूबाईंनी विचारलं. मामंजी मोठ्या समाधानानं म्हणाले की चहा तर पाजलाच, वर कचोरीही खाऊ घातली.

तो चहा पाजणारा माल घेणारा नव्हता, विकणारा होता. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात तेव्हाच आली होती आणि ती बोलून दाखवायला जीभ नुसती वळवळत होती. माहेरी आम्ही बघितलं होतं. माझ्या भावानं ट्रान्झिस्टर घेतला तेव्हा अख्खी आळी बघायला आली होती, आणि पुढे त्याच्याहून चांगला निम्म्या किमतीत मिळायला लागला तेव्हा आमचा ट्रान्झिस्टर फडताळात गेला. यंत्राचा भाव एकदा उतरायला लागला की उतरतच जातो, हे मी रात्री ह्यांना सांगितलं. ह्यांनाही ते पटलेलं होतं. पण ते म्हणाले, तूच सांग बाबांना. मी म्हटलं, मुलगा तुम्ही. ते म्हणाले, म्हणूनच. त्या घरात मामंजींना भावाबद्दल सांगणं म्हणजे पुजाऱ्याला आरतीची चाल शिकवणं होतं. आम्ही दोघंही गप्प बसलो.

खोके गेले कोठीच्या खोलीत, जिथे दरवर्षी तूर राहायची. खाली वाळकं तणीस, त्यावर खोके, आणि खोक्याखोक्यात कडुनिंबाचा पाला. सासूबाईंनी विचारलं की ह्याला कीड लागते काय. मामंजी म्हणाले की ठेवलेल्या मालाला कीड लागतेच. उंदरांसाठी खोलीत मांजर सोडली. तिनं पहिल्याच आठवड्यात दोन रिमोटच्या वायरी खेळून खेळून तोडल्या. उंदरांनी आजवर कधी एवढं नुकसान केलं नव्हतं.

उन्हाळ्यात माल धाब्यावर उन्हात घालण्याचा दिवस आला. ह्यांनी खूप समजावलं, पण आजवर ह्या घरातला कुठलाही माल ऊन न दाखवता ठेवलेला नाही, असं म्हणून मामंजींनी चवाळं अंथरलंच. सासूबाई डोक्यावर ओला पंचा टाकून मधूनमधून वर जायच्या आणि तुरीला हात फिरवावा तसे गेम उलटेपालटे करायच्या. संध्याकाळी खाली आणले तेव्हा कडेचे काही गेम पापडासारखे वाकलेले होते. मामंजींनी एक हातात घेऊन बराच वेळ बघितला. मग म्हणाले की माल जरासा हलका निघाला, दरवर्षी एवढी घट धरावीच लागते.

आणि ह्यातूनच माझं भाग्य उघडलं. आमच्याकडे बियाणं ठेवलं की पेरणीआधी त्याची उगवण बघतात. मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे. उन्हाच्या प्रकारानंतर मामंजींना शंका आली की माल आतून मेला तर नाही. त्यांनी फर्मान काढलं की दर पंधरवड्याला गेमची उगवण बघायची. हे दुकानात, सासूबाईंना बटणांची भीती, म्हणून काम माझ्याकडे आलं. दुपारी जेवणं झाली, लाईन असली, की मी कोठीतून खोके आणायचे, एकेक गेम घरच्या टीव्हीला जोडायचे आणि उगवतो का बघायचे. आता गेम नुसता चालू होतो की नाही एवढं बघायला काही क्षण पुरतात. पण अर्धवट तपासणी करणं माझ्या स्वभावात नाही. रणगाडा शेवटपर्यंत नेल्याशिवाय माल चांगला आहे असं मी कोणत्या तोंडानं सांगणार होते?

माझी दुपार अशी कर्तव्यात जाऊ लागली. शेजारच्या बाया तांदूळ, डाळ, जे हातात असेल ते घेऊन निवडायला आमच्याकडे यायच्या आणि निवडणं बाजूला ठेवून मला सल्ले द्यायच्या. सासूबाई आधी लांब बसायच्या. मग एक दिवस मोटारीच्या शर्यतीत मी कठड्यावर आपटले तेव्हा त्यांना राहवलं नाही. वळणावर बैल आवरतात तसं आधीच आवरायचं असतं, असं म्हणत त्यांनी माझ्या हातातला रिमोट काढून घेतला. त्या दिवसापासून मोटारीची उगवण त्या बघायला लागल्या. बटणांची भीती कुठे गेली देव जाणे. त्या वळणावर स्वतःही वळायच्या, त्यामुळे त्यांच्या डाव्या बाजूला कोणी बसायचं नाही. संध्याकाळी मामंजी विचारायचे, उगवलं का? आम्ही दोघी एका सुरात म्हणायचो, सगळं उगवलं.

इकडे ओट्यावर वेगळंच पीक येत होतं. मामंजींनी गेम धरून ठेवले आहेत, ही बातमी गावभर झाली होती. समोरच्या घरात प्राथमिक शाळेतले गुरुजी राहायचे. मामंजींचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नव्हता. ते अकोल्याला जाऊन दोन गेम घेऊन आले आणि बायकोच्या लग्नातल्या शालूत गुंडाळून माळ्यावर ठेवून दिले. ज्या घरात टीव्ही नव्हता त्या घरांतही गेम आले. एकानं तर उंदरांच्या भीतीनं पिशवीत घालून आढ्याला टांगला होता. खेळायचं कोणाच्या मनातच नव्हतं. दिवाळीला भाव चढेल, तोपर्यंत थांबायचं, हा मामंजींचा शब्द होता. मुलांना हात लावू द्यायचा नाही, माल खराब होतो.

दिवाळी आली. हे अकोल्याहून एकच खोका घेऊन आले आणि तो टीव्हीला जोडला. हा नवीन गेम होता. कॅसेट नाही, काही नाही, सगळे खेळ पेटीच्या आतच भरलेले. मोजता येणार नाहीत इतके. रंग असे की आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवरही कळत होते, असं सासूबाई शपथेवर सांगायच्या. आणि किंमत आमच्या जुन्याच्या मूळ किमतीएवढीच. अकोल्याच्या व्यापाऱ्याला हा येणार हे कचोरी खाऊ घालतानाच ठाऊक असणार.

मामंजी उभ्यानंच बघत होते. मग म्हणाले की जुना गूळ औषधाला लागतो, त्याला गिऱ्हाईक वेगळं असतं. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. त्या दिवाळीत आमच्या कोठीतला एकही गेम गेला नाही. गावातल्या माळ्यांवरचेही नाही.

कोणी भांडायला आलं नाही. मला वाटत होतं येतील, आले असते तर बरं झालं असतं. लोकांनी नुसतं येणं बंद केलं. तूर निघाली, खळी झाली, आणि संध्याकाळी ओटा रिकामाच. मामंजी सवयीनं सुपारी कातरत बसायचे. खायला कोणी नाही, म्हणून तबकात कातरलेल्या सुपारीचा ढीग साचायचा आणि सासूबाई तो मुकाट्यानं डब्यात भरायच्या. डबे भरायला लागले. एक दिवस गुरुजी घरातून निघाले, आमच्या ओट्यासमोरून मान खाली घालून गेले आणि कोपऱ्यावरच्या चक्कीवाल्याला तुरीचा भाव विचारायला थांबले. चक्कीवाल्याला, ज्यानं जन्मात दळण सोडून काही बघितलं नव्हतं! मामंजींनी ते बघितलं. सुपारीचा अडकित्ता त्यांनी मिटून ठेवला आणि त्या दिवशी पहिल्यांदा ते दिवेलागणीच्या आधी आत आले.

मला त्यांचा राग यायचा, हे मी लपवत नाही. आढ्यताखोर होते, दुसऱ्याचं ऐकायचे नाहीत. पण त्या माणसाचं सगळं आयुष्य त्या ओट्यावर होतं. शेती गडी बघत होते, दुकान ह्यांचं, घर सासूबाईंचं. त्यांचं म्हणावं असं एकच होतं, लोक येऊन विचारतात. तेच गेलं तर मामंजी काय करणार होते?

पुढच्या पंधरवड्याला मी कोठीत उगवण बघायला खोके काढत होते. मामंजी दारात येऊन उभे राहिले. खोलीत येणं त्यांचं नेहमीचंच, पण आज ते मोजत नव्हते की पाला बदलत नव्हते. तणसावरच्या एका खोक्यावर हात ठेवून त्यांनी मला विचारलं,

"सूनबाई, खरं सांग. ह्याचा भाव चढन का?"

सगळं गाव ज्यांना विचारायचं ते मला विचारत होते, आणि तेही खालच्या आवाजात, सासूबाईंना ऐकू जाऊ नये असं. माझ्यासाठी उत्तर सोपं नव्हतं. थांबा म्हटलं असतं तर त्यांचं मन राहिलं असतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या दुपारीही राहिल्या असत्या. माल संपला की उगवण संपली. रणगाड्यांचा शेवटचा किल्ला माझा अजून व्हायचा होता. पण त्यांनी खरं सांग म्हटलं होतं.

"नाही मामंजी," मी म्हटलं. "तूर खाऊन संपते, म्हणून महाग होते. हे कोणी खात नाही. दरवर्षी ह्याच्याहून चांगलं येणार आणि हे आणखी स्वस्त होणार. जे मिळेल त्यात काढून टाका."

"तुले हे आंधीच माहीत व्हतं?"

"हो."

"मंग काऊन नाही सांगतलं?"

मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाही. खोक्यातला वाळलेला पाला त्यांनी चिमटीत धरून चुरला आणि बाहेर गेले. मी घाबरून तिथेच बसले. त्या दिवशी माझ्या हातून एकही गेम उगवला नाही.

संध्याकाळी मामंजी ओट्यावर गेले ते बसायला नाही. कडेला उभे राहून त्यांनी समोरच्या गुरुजींना हाक मारली. हाक अशी की चक्कीवरची माणसंही वळून बघायला लागली, चक्कीवाल्यासकट पिठाचे डबे घेऊन जवळ आली. गुरुजी शर्टाच्या गुंड्या लावत बाहेर आले. त्यांना वाटलं असणार की चक्कीवाल्याला विचारल्याबद्दल आता आपली खरडपट्टी निघणार. मी दाराआड उभी होते, डोक्यावर पदर, हातात उगाच चहाची बशी. सासूबाई माझ्या मागे. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

"गुरुजी," मामंजी म्हणाले, "ते गेमाचं मले काई समजत नाही. मी उगाच थांबा म्हनलं अन् तुमी फसले. माह्या सूनबाईले समजते. तिले इचारा."

त्या ओट्यावर मामंजींच्या तोंडून मला समजत नाही हे शब्द कोणी ऐकले नव्हते. चक्कीवाल्याचा हात पिठाच्या डब्यावरच राहिला. सासूबाईंनी मागून मला असा ढोसा दिला की मी बशीसकट बाहेरच आले. गुरुजी माझ्याकडे बघत होते, मामंजींकडे बघत होते, आणि शेवटी त्यांनी मलाच विचारलं की दोन गेम माळ्यावर आहेत, त्यांचं काय करायचं. मी म्हटलं, उद्याच विका, आणि गिऱ्हाईक नाही मिळालं तर मुलांना खेळू द्या, निदान शालू तरी मोकळा होईल. पलीकडच्या दारातून गुरुजींच्या बायकोनं मान हलवली. कोणीतरी हसलं, मग आणखी कोणी, आणि चक्कीवाला पिठानं पांढरा झालेला चेहरा घेऊन मोठ्यानं हसला. मामंजी हसले नाहीत. ते हळूच ओट्यावर खाली बसले, रोजच्या जागी, आणि जमिनीकडे बघत राहिले. ते आता इतके लहान दिसत होते की मला रडू आलं.

हसणं थांबलं तरी माणसं गेली नाहीत. गुरुजी आपल्या उंबऱ्यापर्यंत गेले, थबकले, आणि परत फिरून ओट्याच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे राहिले.

"अन् तुरीचं कसं करू, काका?"

मामंजींनी मान वर केली. आधी माझ्याकडे बघितलं, जणू तुरीवरही आता माझाच हक्क आहे. मी मान खाली घातली आणि बशी पदरानं पुसायला लागले. तेव्हा त्यांनी अडकित्ता उघडला. सुपारी कातरली, सावकाश, नेहमीपेक्षाही सावकाश. मेहकरच्या रस्त्याकडे बघितलं. मग विचारलं की अडत्यानं चहा पाजला का. गुरुजी म्हणाले, हाव, पाजला. मामंजींनी बराच वेळ विचार केला.

"थांबा," ते म्हणाले.

गुरुजींनी सुपारीसाठी हात पुढे केला.